ओव्वा

१

सिद्धेश्वरीच्या वर्गात तीन सिद्धेश्वरी होत्या. सोलापुरात त्याचं कुणाला नवल नाही, ग्रामदैवताच्या नावाची माणसं गल्लीत एक हाक मारली तरी चार निघतात. पण तिला ते लहानपणापासून सलत होतं. एक होती गोरी सिद्धेश्वरी, दुसरी चष्म्याची सिद्धेश्वरी, आणि जिच्यात सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही ती नुसती 'मधल्या बाकावरची'. ही ती मधल्या बाकावरची. म्हणून पोटात बाळ होतं तेव्हाच तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, मुलगा होवो की मुलगी, नाव असं हवं की अख्ख्या सोलापुरात दुसरं सापडता कामा नये.

नंदीशने ते मनावर घेतलं. तो एका खासगी कॉलेजात संगणक शिकवायचा. मोबाइलवर नावं शोधशोधून कंटाळला. जे आवडायचं ते आधीच कुणाच्या तरी पुतणीचं असायचं. मुलगी झाल्यावर आठवड्याभराने जेवता जेवता तो एकदम थांबला आणि म्हणाला, "ओव्वा."

"काय?"

"ओव्वा. आपल्याच घरातलं नाव आहे. चंद्रव्वा अज्जीच्या थोरल्या बहिणीचं. लहानपणी अज्जीच्या तोंडून ऐकलं होतं. आत्ता एकदम आठवलं बघ."

चंद्रव्वा अज्जी म्हणजे नंदीशच्या वडिलांची आत्या. शुक्रवार पेठेत राहायची, गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडायची नाही.

नीलव्वा, मल्लव्वा, गंगव्वा अशी नावं सिद्धेश्वरीने ऐकली होती. आजीच्या पिढीतली, नऊवारीतली नावं. पण हे वेगळं होतं. जुनं होतं आणि जुनं वाटतही नव्हतं. तोंड नुसतं उघडायचं आणि मिटायचं. तिने ते दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि तिला ते आवडलं. मोडनिंबहून तिच्या वडिलांनी फोनवर थट्टा केली, "ओवा? कुणाचं पोट दुखतंय?" त्यावर सगळे पोटभर हसले आणि नाव पक्कं झालं.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्येच बारसं झालं. नंदीशच्या बहिणीने, शिवलीलाने, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. सांगून ती ताठ झाली आणि मागे वळून आतल्या बोळाकडे बघू लागली.

"मला कुणी बोलावलं का?" तिने विचारलं.

कुणीच बोलावलं नव्हतं. बायकांनी तिच्या पाठीवर कुर्र करून बुक्के घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि तेवढ्यावर ते राहिलं.

२

सिद्धेश्वरी एका शाळेत गणित शिकवायची. बाळासाठी तिने वर्षभराची रजा घेतली होती. नंदीश सकाळी कॉलेजला गेला की घर तिचं आणि बाळाचं. उन्हाळा होता. खिडकीतल्या कूलरची घरघर, खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि मधून मधून तिचा स्वतःचा आवाज. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, "ओव्वा" म्हणून हाक मारायची. बाळाला आपल्या नावाची ओळख व्हावी म्हणून ती मुद्दाम मारायची.

एकदा दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या अंबुबाई दारात वाटी घेऊन उभ्या होत्या. अंबुबाई अक्कलकोटकडच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहायच्या, आणि ताक जास्त झालं की आणून द्यायच्या. सिद्धेश्वरी ओट्यापाशी होती, तिने आतूनच बाळाला हाक मारली.

अंबुबाई दारातच थांबल्या. "पाहुणे आलेत का गं?"

"नाही. का हो?"

"मग ओ कुणाला दिलीस?"

"ओ कुठं दिली? बाळाला हाक मारली. तिचं नाव नाही का ते."

"असं व्हय," अंबुबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "मला वाटलं, आतनं कुणीतरी तुला हाक मारली आणि तू ओ दिलीस. आमच्यात पोरी आईला असंच म्हणतात की. ओ, अव्वा." त्या हसल्या. पण जाताना त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा मान वाकडी करून पाहिलं.

त्या गेल्यावर सिद्धेश्वरीने पुन्हा ते नाव घेतलं, हळू, स्वतःशीच. माणूस हाक मारतो तेव्हा आवाज पुढे फेकतो, शेवट लांबवतो. तिला तसं करता येईना. आवाज आपोआप चढायचा आणि तुटायचा, कामात असताना कुणी हाक मारली की आपण घाईने ओ देतो तसा. तिने तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. शेवटी स्वतःलाच हसली. गणिताच्या बाईने असल्या गोष्टींत दुपार घालवावी, याची तिला लाज वाटली.

बाळ चटईवर पालथं पडलं होतं. आईने इतक्या वेळा नाव घेतलं, तरी त्याने एकदाही आईकडे पाहिलं नव्हतं. ते बोळाच्या तोंडाकडे बघत होतं.

३

बाळ बसू लागलं, रांगू लागलं, टाळ्या वाजवू लागलं. पण नावाला वळायचं नाही. म्हणजे वळायचं, पण उलटीकडे. सिद्धेश्वरी समोर बसून "ओव्वा" म्हणाली की बाळ मान फिरवून मागे बघायचं. ती मागे जाऊन बसली की पुढे बघायचं. आणि बघून झाल्यावर जरा वेळ तसंच राहायचं, जसं काही तिकडून कुणी काही बोलणार आहे.

नंदीश म्हणाला, "कान दाखवून घेऊ." त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून ती जास्तच घाबरली.

दवाखान्यात डॉक्टरांनी घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला, कागद चुरगळला. बाळ प्रत्येक आवाजाला बरोबर वळलं. यंत्रावरही कान उत्तम निघाले. "नाव जरा वेगळं आहे," डॉक्टर म्हणाले, "सवय होईल. तुम्ही आणखी हाका मारत जा."

बाहेर पैसे भरायला नंदीश थांबला होता. सिद्धेश्वरी बाळाला घेऊन बाकावर बसली. समोर एक तरुण बाई आपल्या मुलीला खेळवत होती. मुलगी साधारण तेवढीच. बाई तिच्या बोटांशी खेळत म्हणाली, "ओव्वा. ए ओव्वा, इकडं बघ की."

सिद्धेश्वरीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय नाव म्हणालात?"

बाईने ते अभिमानाने पुन्हा सांगितलं. विजापूर रोडला राहायची. नात्यात, ओळखीत कुणाचंच हे नाव नव्हतं, म्हणून ठेवलं होतं.

"तुम्हाला कुठं मिळालं?"

"मिळालं नाही हो. बाळंतपणानंतर पडून होते ना, तेव्हा आपोआप तोंडात आलं. कुणाचंच नसेल असं वाटलेलं." ती सिद्धेश्वरीच्या मांडीवरल्या बाळाकडे बघून म्हणाली, "हिचं काय?"

सिद्धेश्वरी सांगणार होती. पण तिचं लक्ष मुलींकडे गेलं. दोघी आपापल्या आयांच्या मांडीवर बसून एकाच जागी बघत होत्या. थंड पाण्याच्या पिंपाशेजारी एक रिकामी खुर्ची होती, तिच्या जरा वर. मोठं माणूस उभं असतं, तर त्याचं तोंड आलं असतं तिथं.

"पायल," सिद्धेश्वरी म्हणाली. आपण खोटं का बोललो, ते तिला स्वतःलाच कळलं नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचं नाव होतं, ते ओठांवर आलं.

४

मग ते नाव सगळीकडे निघू लागलं. केकच्या दुकानात काचेमागे ठेवलेल्या केकवर गुलाबी मलईने ओव्वा लिहिलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "सध्या हेच चाललंय मॅडम. मागच्या वर्षी एक पण नव्हता." एका रिक्षाच्या मागच्या काचेवर ते नाव होतं, दोन्ही बाजूंना बदाम. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर मुलं खेळायला यायची आणि दिवेलागणीला गॅलऱ्यांतून आया हाका मारायच्या. त्या हाकांत ते नाव आधी एकदा ऐकू आलं. मग पलीकडच्या इमारतीतून. मग कोपऱ्यावरच्या बंगल्यातून.

नंदीश चिडला. आपण शोधलेली चीज लोकांनी चोरली अशा चेहऱ्याने तो म्हणाला, "नावांची लाट येते. एकाने ठेवलं की दुसरा ऐकतो. आपल्या बारशाला आलेल्यांनीच पसरवलं असणार."

"मैदानावरच्या मुली आपल्या मुलीपेक्षा मोठ्या आहेत, नंदीश. चालतात, बोलतात."

"त्यांची आधीची नावं वेगळी असतील. आता बदलली असतील. घरात हाक मारायचं नाव लोक बदलतात की."

ते खरंच होतं, आणि तेच तिला जास्त खुपलं. तिने दोन-तीन आयांना विचारलंही. पहिली म्हणाली, मुलीचं नाव श्रावणी होतं, पण एके दिवशी सगळेच तिला ओव्वा म्हणायला लागले, कुणी सुरू केलं आठवत नाही. दुसरी म्हणाली, संस्कृत आहे, ॐकारापासून आलंय. तिसरी म्हणाली, पहिलं दंव असा अर्थ आहे, नेटवर वाचलं. सिद्धेश्वरीने नेटवर शोधलं. तिथं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती बाळाला कडेवर घेऊन गॅलरीत उभी होती. आकाश तांबूस होतं, मैदानावर धूळ उडत होती. एका गॅलरीतून हाक आली, "ओव्वा." दुसऱ्या गॅलरीतून आली, "ओव्वा." लांबून, जवळून, वरच्या मजल्यावरून. डोळे मिटून ऐकलं असतं, तर त्या हाका वाटल्याच नसत्या. अख्खी कॉलनी कुणाला तरी ओ देत होती.

मैदानावरच्या मुली खेळ सोडून उभ्या राहिल्या. त्या आपल्या आयांकडे बघत नव्हत्या. सगळ्या मिळून रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत होत्या. तिथं बाभळी होत्या आणि कुणी तरी आणून टाकलेला मुरूम होता. तिने बघितलं. तेवढंच होतं.

कडेवरचं बाळ मात्र खुश होऊन पाय झाडू लागलं.

५

शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर चंद्रव्वा अज्जीची खोली होती. खाली दिवसभर स्टीलचे डबे एकमेकांवर आपटत असायचे. सिद्धेश्वरी सकाळीच रिक्षाने गेली. बाळाला अंबुबाईंकडे ठेवलं होतं. अज्जी जमिनीवर पाय पसरून लसूण सोलत बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग.

"ये मगळे, ये लेकी," अज्जी म्हणाली. "पोरीला न्हाय आणलंस? बारशाला यायला जमलं न्हाय बग मला. काय नाव ठिवलं म्हणं?"

घरातल्या कुणीच तिला नाव सांगितलं नव्हतं. सिद्धेश्वरीने सांगितलं.

अज्जीचे हात थांबले. तिने लसणाची पाकळी ताटात ठेवली आणि पदराला बोटं पुसली, बराच वेळ पुसत राहिली.

"कुणी सांगितलं हे?"

"नंदीशने. तुमच्या अक्काचं नाव होतं ना? लहानपणी तुमच्याकडनंच ऐकलं म्हणाले."

"माज्याकडनं न्हाय ऐकलं त्यानं. माजं लगीन व्हायच्या आदीपासनं मी ते तोंडातनं काडलेलं न्हाय. सपनात सुदीक न्हाय." खाली दुकानात काही तरी घरंगळत गेलं. "आणि अक्काचं नाव ते न्हवतं. अक्काचं नाव शरणव्वा."

"मग?"

"आमची अव्वा लौकर गेली. मी पाळण्यातनं नुकती उतरलेली. अक्का मला सांभाळायची. मोटी झाले तशी मला दिसायला लागलं. अक्का भाकरी थापत असंल, धुणं धूत असंल, मदीच मान वर करायची आन् म्हणायची, ओ, अव्वा. आमाला वाटायचं आटवण येती बिचारीला. कोण काय बोलणार? मग गल्लीतली पोरं चिडवायला लागली, ओव्वा, ओव्वा करून. मग बाया म्हणायला लागल्या. मग तेच नाव झालं. आमच्या अप्पाबी तेच म्हणायचे. सगळी गल्ली दिवसभर तेच." तिने सिद्धेश्वरीकडे पाहिलं. "इतक्या जणांनी ओ दिल्यावर कोण लांब राहील?"

"कोण, अज्जी? तुमची अव्वा?"

अज्जीने मान हलवली.

"आमची अव्वा मुकी होती गं. जल्मापासनं. तिनं कुणाला कदी हाक मारलीच न्हाय."

लसणाचा वास खोलीत भरून राहिला होता.  सिद्धेश्वरीने विचारलं, अक्काचं पुढं काय झालं.

"आमी घर बदललं. ते गाव सोडून हिकडं आलो, ह्या पेटंत."

"आणि अक्का?"

"अक्का न्हाय आली."

अज्जीने पुन्हा लसूण सोलायला घेतला. उठताना सिद्धेश्वरीने तिच्या पायांना हात लावला, तेव्हा तिने सिद्धेश्वरीचं मनगट धरलं. हात लसणाने चिकट झाला होता. "नाव मोड," ती म्हणाली. "आजच मोड. पण येक ध्यानात ठेव. नाव आपलं असतं, आपण बदलतो. हाक आपली नसती."

६

नंदीशने आधी वाद घातला. म्हातारं माणूस काहीही बोलतं, दाखल्यावर नाव चढलंय, लोक हसतील. पण ती रडली नाही, भांडली नाही, नुसती समोर बसून राहिली. ते बघून तो नरमला. "बरं," तो म्हणाला. "तसंही आता सगळ्या सोलापूरचं झालंय ते. काय ठेवायचं?"

"पायल."

"पायल तर ढिगाने आहेत."

"असू देत."

पायल या नावाला बाळ पहिल्याच दिवशी वळलं. आईकडे वळलं, आईच्या तोंडाकडे बघून हसलं, बोळक्यातले दोन दात दाखवून. सिद्धेश्वरीने त्याला उचलून इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. त्यानंतर घर शांत झालं. बाळ मागे वळून बघेना. ती दिवेलागणीच्या आत गॅलरीचं दार लावून टाकायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची, तेवढंच. आपण वाटेल त्याला घाबरलो असं तिला वाटू लागलं. अज्जीच्या अक्काचं लग्न झालं असेल, ती सासरी राहिली असेल, म्हातारीच्या बोलण्याचा आपणच भलता अर्थ लावला असेल. साधा हिशोब होता, आणि तो जमत होता.

असेच काही दिवस गेले आणि एका दुपारी लाइट गेली.

कूलर थांबला. पंखा फिरत फिरत थांबला. शेजारच्या घरांतले आवाजही एकदम बंद झाले आणि बाहेरचं ऊन जणू खोलीत येऊन बसलं. बाळ हॉलमध्ये चटईवर वाट्या घेऊन बसलं होतं. सिद्धेश्वरी सोफ्यावर कपड्यांच्या घड्या करत होती.

बाळाने वाटी आपटायची थांबवली. मान वर केली. कुणीतरी नावाने हाक मारल्यावर मुलांचा चेहरा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. सिद्धेश्वरीने काहीच ऐकलं नव्हतं.

"ओ," बाळ म्हणालं.

त्याचा तो पहिला शब्द होता. मग जरा थांबून, जिभेवर तोलून, ते म्हणालं, "अव्वा."

त्यांच्या घरात आईला कुणीच अव्वा म्हणत नव्हतं. ती मम्मी होती, मोडनिंबची आजी आजी होती. सिद्धेश्वरीच्या हातात नंदीशचा शर्ट तसाच राहिला.

बाळाने बोळाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले. मूल उचलून घे म्हणून करतं तसे. आणि सिद्धेश्वरीने पाहिलं, की त्याच्या काखांखाली झबल्याचं कापड गोळा होत होतं. दोन्ही बाजूंनी, चुण्या पडून, सावकाश. सांभाळून. लहान मुलाला कुठे दुखू नये असं उचलायची सवय असलेल्या हातांनी धरावं तसं.

तिने शर्ट टाकला आणि झेप घेऊन बाळाला कमरेला धरलं. बाळ तिच्या हातात आलं, पण त्याचं वजन आलं नाही. ज्या लेकराला दिवसभर कडेवर घेऊन तिची कंबर मोडायची, ते आता रिकाम्या पिशवीएवढं हलकं लागत होतं. वरून कुणीतरी पेललं होतं. तिने खाली ओढलं. ओढ दोन्हीकडून सारखी होती, पलीकडून घाई नव्हती, राग नव्हता. बाळ हसत होतं. तिच्या डोक्यावरून कुणाकडे तरी बघून हसत होतं.

तिला देवाचं नाव आठवेना. ओरडायला तोंड उघडलं, तर नंदीश नाही, अंबुबाई नाही, वेगळंच काही बाहेर आलं. तिने ते ठरवून म्हटलं की तोंडातून सुटलं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"ओ, अव्वा," सिद्धेश्वरी म्हणाली. "मी आहे. मी आले."

बाळाचं सगळं वजन एकदम तिच्या हातांवर आलं, इतकं की ती गुडघ्यांवर बसली. बाळ दचकून रडू लागलं. ती त्याला छातीशी धरून हलत राहिली. पुष्कळ वेळाने पंखा फिरू लागला, कूलर घरघरला, खाली कुणाचा तरी मिक्सर सुरू झाला.

७

पायल आता चालते. बोलतेही भरपूर. नावाने हाक मारली की धावत येते आणि आईच्या पायांना मिठी मारते. मागे बघत नाही, दुसरीकडे कान लावत नाही, आणि अव्वा हा शब्द तिने त्या दुपारनंतर एकदाही उच्चारलेला नाही. नंदीश म्हणतो, मूल मोठं झालं की असल्या गोष्टी आपोआप जातात. सिद्धेश्वरी हो म्हणते.

शाळेत ती पुन्हा रुजू झाली आहे. तिथल्या बालवाडीतून सकाळी प्रार्थनेनंतर ते नाव ऐकू येतं, आणि त्याला उत्तर देणाऱ्या मुली एकापेक्षा जास्त आहेत. ती तिकडून जात नाही, लांबच्या जिन्याने जाते. त्या मुलींच्या आयांशी एकदा बोलावं असं तिच्या मनात येतं. काय सांगणार, ते तिला ठरवता येत नाही.

नंदीशला तिने एक गोष्ट सांगितलेली नाही. आता तिला ऐकू येतं.

आधी ते जिन्यातून यायचं. बाईचा आवाज, मायेचा, जरा थकलेला. "सिद्धू." तिला सिद्धू असं कुणीही म्हणत नाही. शाळेतही कुणी म्हणत नव्हतं. मधल्या बाकावरच्या त्या मुलीला मनातून हवं होतं की कुणीतरी आपल्याला, फक्त आपल्याला, एखाद्या वेगळ्या नावाने हाक मारावी. तसंच ते नाव होतं, दुसऱ्या कुणाचंच नसलेलं. मग आवाज दारापाशी आला. मग बोळात. ती दरवेळी लगेच ओ देते. हातातलं काम टाकून, मोठ्याने, पायलने मान वर करायच्या आत. उशीर करून चालत नाही. एकदा ती फोनवर होती आणि जरा उशीर झाला, तर पायल खेळ थांबवून उभी राहिली होती.

परवा रविवार होता. नंदीश बाजारात गेला होता. सिद्धेश्वरी ओट्यापाशी भाकरी थापत होती, तवा तापला होता, पायल तिच्या बाजूला जमिनीवर बसून डब्यांची झाकणं मोजत होती. हाक आली. या वेळी ती स्वयंपाकघरातूनच आली, अगदी कानाशी, आणि कुजबुजल्यासारखी. इतक्या जवळून मोठ्याने बोलावं लागत नाही.

"ओ, अव्वा," सिद्धेश्वरी म्हणाली.

पायलचं मोजणं थांबलं. सिद्धेश्वरीने मान वळवून पाहिलं. पायल आईकडे बघत नव्हती. आईच्या खांद्याच्या जरा वर, मागे, कुणी तरी ओळखीचं उभं असावं तशी ती बघत होती, आणि लाजून हसत होती.

सिद्धेश्वरीने मागे पाहिलं नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. तेव्हा तिच्या पाठीवर तळवा टेकला. मोठा, कोमट, जरासा ओलसर. तो तिला हळूहळू थोपटू लागला, लेकराला निजवताना थोपटतात तसा, एका लयीत. तव्यातून धूर निघत होता. भाकरी उलटायला हवी होती. पायल काहीतरी विचारत होती, आणि ते फार लांबून ऐकू येत होतं. तिला उत्तर द्यायचं होतं. पण कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप सिद्धेश्वरीच्या डोळ्यांवर उतरत होती.